शहाण्या बहिणीची रोजनिशी

भाऊबीजेच्या बहिणीचे वर्णन आपल्या कथाकारांनी पुष्कळ केले आहे. हातातले तबक, डोळ्यांतले पाणी, भावासाठी मागितलेले आयुष्य, सारे कसे ठरलेले! त्यातून पाटावरचा भाऊ जन्मतः अधू असला तर विचारायलाच नको. बहीण त्यागाची मूर्ती होऊन बसते. मूर्तीला भूक नसते, रागही नसतो.

केन्झाबुरो ओए या जपानी लेखकाच्या ‘अ क्वाएट लाइफ’ या कादंबरीत (मूळ जपानी १९९०) ही मूर्ती मला प्रथमच हललेली दिसली. ओए यांचा थोरला मुलगा हिकारी १९६३ साली मेंदूत व्यंग घेऊन जन्मला. पुढे तो संगीतरचनाकार झाला. त्याच्याविषयी ओए यांनी आयुष्यभर लिहिले. इथे मात्र त्यांनी लेखणी मुलीच्या हाती दिली आहे. आईवडील अमेरिकेला गेलेले. तोक्योच्या घरात विशीतली मा-चान, अपंग थोरला भाऊ ईयोर आणि परीक्षेच्या अभ्यासात बुडालेला धाकटा. लग्नाचा विषय निघाला की मा-चान हिशेब मांडते तो बिऱ्हाडाचा: ईयोर बरोबर येणार, तेव्हा निदान दोन खोल्यांचे घर परवडेल असा नवरा हवा. तसे तिला कुणी सांगितलेले नाही. तिने ते धरूनच ठेवले आहे.

आळीत मुलींची छेड काढणारा कुणीतरी फिरतो आहे असे कळते, आणि तिला धास्ती वाटते ती आपल्याच भावाची. संशय खोटा ठरतो. पण तो मनात आल्याची लाज काही जात नाही. ही पाने मी दोनदा वाचली.

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून झटके येत. पाहुणे त्याची चौकशी करीत आणि निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, “मुलगी शहाणी आहे हो!” तू जेवलीस का, असे कुणी विचारल्याचे आठवत नाही. स्नेहसंमेलनात मला नाचात घेतले होते. त्याच संध्याकाळी त्याला झटका आला, आई आली नाही. मला त्याचा राग आला, आणि मग त्या रागाचीच भीती वाटू लागली.

म्हणूनच आर. जे. पॅलासिओ यांच्या ‘वंडर’मधली (२०१२) व्हिया मला जवळची वाटते. तिच्या भावाचा चेहरा जन्मतः विद्रूप. नव्या शाळेत हे फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि ते सुख तिला थोडे दिवस हवे आहे. म्हणून शाळेच्या नाटकाविषयी ती घरी चकार शब्द काढीत नाही. पुढे लेखिका सगळ्यांना फार लवकर गोड करून टाकते. पण ती लपवाछपवी अगदी खरी आहे.

ओए लेखक म्हणून कितीतरी मोठे. तथापि माझी तक्रार आहे ती त्यांच्याविषयीच. मा-चान वडिलांना दोष देते, पण तोही वडिलांनी मापून दिलेला. मुलीच्या रोजनिशीत बापाचे अक्षर लपत नाही. तिने खरोखर स्वतः लिहिले असते तर एखादे पान फाडून टाकले असते, आणि ते पान मला वाचायचे होते.

भाऊबीजेला माहेरी जाईन तेव्हा हे पुस्तक पिशवीत असेल. आईला अलीकडे दिसत नाही. तिला मीच वाचून दाखवते. संशयाचे ते प्रकरण वाचावे की गाळावे, अजून ठरलेले नाही.