‘ईझी ए’ : कृतीवाचून अक्षर

शाळकरी वयाच्या प्रेक्षकांसाठी काढलेले अमेरिकन विनोदी चित्रपट समीक्षेच्या वाट्याला क्वचितच येतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याची खंत वाटण्याचे कारणही नसते. विल ग्लक दिग्दर्शित व बर्ट व्ही. रॉयल लिखित ‘ईझी ए’ (२०१०) हा त्याला अपवाद मानावा लागतो. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीशी त्याने जोडलेले नाते निव्वळ उसनवारीचे नाही. शीर्षकच द्वयर्थी आहे : फारसे श्रम न करता पदरात पडणारी ‘ए’ श्रेणी, आणि सहजप्राप्य समजली गेलेली, छातीवर ‘ए’ बाळगणारी मुलगी.

कॅलिफोर्नियातील ओहाय येथील हायस्कुलात शिकणारी ऑलिव्ह (एमा स्टोन) मैत्रिणीच्या खोदून खोदून विचारण्याला कंटाळते आणि कधी न घडलेल्या शरीरसंबंधाची थाप मारते. स्वच्छतागृहात ती थाप मेरिॲन या कर्मठ ख्रिस्ती विद्यार्थिनीच्या कानी पडते, आणि दिवस मावळण्याच्या आत तिचा शाळाभर बभ्रा होतो. वर्गात त्याच सुमारास हॉथॉर्नची कादंबरी शिकवली जात असते. ऑलिव्ह आपल्या कपड्यांवर लाल ‘ए’ स्वतःच शिवून घेते. हॉथॉर्नच्या हेस्टरवर अक्षर लादले जाते ते घडून गेलेल्या कृतीमुळे. ऑलिव्हचे अक्षर मात्र स्वेच्छेचे आहे आणि त्यामागे कृतीच नाही. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर येथे चिन्हक आहे, चिन्हितही आहे (ते समूहाने तत्परतेने पुरवले आहे), पण संदर्भवस्तूची जागा रिकामी आहे. असे असूनही व्यवहार कोठेही अडत नाही, हे या विनोदाचे मर्म होय.

किंबहुना व्यवहार वाढतो. समलिंगी म्हणून छळला जाणारा ब्रँडन ऑलिव्हपाशी एक विनंती घेऊन येतो, आणि एका पार्टीत बंद दाराआड दोघे संभोगाचे नाटक वठवतात. दारापलीकडच्या श्रोत्यांच्या लेखी तेवढ्यावर तो ‘पुरुष’ ठरतो. मग इतर उपेक्षित मुले दुकानांची भेटकुपने देऊन तिच्याकडून केवळ अफवेची संमती विकत घेऊ लागतात. कुपनांची ही योजना पटकथेतील सर्वांत चाणाक्ष गोष्ट आहे. कुपन म्हणजे ठरावीक दुकानातच चालणारा पैसा; ऑलिव्हची अफवाही शाळेच्या आवारातच वटते. पण एकाच खोट्या वाक्याचा भाव दोन पक्षांना वेगवेगळा पडतो. मुलाच्या खात्यावर जे जमा होते तेच मुलीच्या नावे खर्ची पडते. पुढे एक मुलगा कुपनाच्या बदल्यात प्रत्यक्ष देहाचीच अपेक्षा करतो, तेव्हा चित्रपट क्षणभर हसू विसरतो. ते विसरणे त्याला शोभून दिसते.

मराठीत ‘लौकिक’ या एकाच शब्दाने ऐहिक जगही सांगितले जाते आणि नावलौकिकही. नाव हे लोकांच्या स्वाधीन असते, ही जाणीव त्या शब्दातच मुरलेली आहे. ऑलिव्हला ती उशिरा येते. सोंग तिने घेतले खरे, पण ते उतरवण्याचा अधिकार तिच्याकडे उरलेला नसतो.

येथवर चित्रपट हॉथॉर्नच्या पुढे एक पाऊल टाकतो. त्याचे पाऊल मागे पडते ते कथनचौकटीत. संपूर्ण कथा ऑलिव्ह संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर, अवघ्या शाळेला ऐकवण्यासाठी सांगत असते. आपले कौमार्य ही इतर कोणाच्या चौकशीची बाब नव्हे, असे ती शेवटी बजावते. परंतु तोपर्यंत ते अबाधित असल्याचा पुरावा तिने तासदीड तास सादर केलेला असतो. जुन्या न्यायपद्धतीत आरोपीला दिव्य करावे लागे. येथे तप्त लोखंडाची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे, इतकाच फरक. थाप खरी असती तर प्रेक्षकांची सहानुभूती तिला लाभली असती काय, हा प्रश्न चित्रपट उपस्थितच होऊ देत नाही. हेस्टरने आपल्या सहभागी पुरुषाचे नाव वर्षानुवर्षे उच्चारले नाही, आणि त्या मौनाच्या काळात लोकांनीच तिच्या अक्षराचा अर्थ बदलत नेला. ऑलिव्हला बोलून सुटावे लागते.

यापेक्षाही सूचक आहे ते मिसेस ग्रिफिथ या समुपदेशिकेचे पात्र. संपूर्ण कथेत हॉथॉर्नच्या ‘ए’ला शब्दशः पात्र असलेली कृती एकाच व्यक्तीच्या हातून घडते : कादंबरी शिकवणाऱ्या शिक्षकाची ही पत्नी मायका या विद्यार्थ्याशी संबंध ठेवते. त्याला जडलेल्या गुप्तरोगाचे खापर ऑलिव्ह आपल्या डोक्यावर घेते, आणि ती बाई ते घेऊ देते. विद्यार्थ्याशी ठेवलेला असा संबंध हा अधिकाराचा गैरवापर आहेच. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण हॉथॉर्नने अपराध घडला आहे हे गृहीत धरूनच करुणेला प्रारंभ केला होता. मिसेस ग्रिफिथ काकुळतीला येते तो प्रसंग पटकथेने जेमतेम रेखाटला आहे. संतापाच्या भरात ऑलिव्ह तिच्या नवऱ्याला सारे सांगून टाकते, त्याचा तिला पश्चात्तापही होतो, आणि लाल अक्षराची खरी धनीण कथेच्या कडेला पडून राहते. तिच्या कपड्यांवर काही शिवावे असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि तिची कथा तिच्या तोंडून ऐकावी असेही नाही.