कार्टरची बरगडी

ग्रेच्या शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकात डाव्या बाजूची एक सुटी बरगडी आहे, खालून पाहिल्यासारखी काढलेली. पहिली नाही, शेवटची नाही, मधलीच कुठलीशी. पुस्तक 1858 सालचं, लंडनचं. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टरची. वैद्यकीच्या कित्येक पिढ्या या चित्रावरून पाठांतर करून पुढे गेल्या. ते थांबून, निव्वळ चित्र म्हणून पाहायला फारसं कुणी सांगत नाही.

पाहू लागलं की नजर आपोआप मागून पुढे जाते. मणक्यांना टेकणारं डोकं, आखूड मान, तिच्यापुढे एक उंचवटा, मग जिथे हाड एकदम वळतं तो कोन. त्यानंतर लांब, चपटा, किंचित पिळलेला भाग आणि पुढच्या टोकाला कूर्चा बसण्यासाठी खळगा. खालच्या कडेला आतल्या अंगाने एक खोबण धावते. कार्टरने ती चार-दोन रेषांच्या सावलीत उभी केली आहे. पण छातीच्या भिंतीचं सगळ्यांत मोठं गुपित तिथेच आहे. या खोबणीच्या आडोशाला वरून खाली नीला, रोहिणी आणि मज्जातंतू या क्रमाने वसलेले असतात. म्हणूनच छातीत साठलेलं पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालतात, खालच्या कडेपासून लांब राहतात. चित्र यातलं काही बोलत नाही. ते फक्त सावली योग्य जागी टाकतं.

कार्टरची खरी करामत नावांत आहे. त्या काळच्या पुस्तकांत बहुधा अवयवावर बारीक अक्षर किंवा आकडा असे आणि नाव शोधायला खालची यादी पाहावी लागे. डोळा सारखा ये-जा करी, आणि त्या ये-जेत आकार निसटून जाई. कार्टरने नाव थेट हाडावर, स्नायूवर, त्याच्याच वळणाने लिहिलं. हाड वळलं की अक्षरंही वळतात. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तेवढा भाग तुटक रेषेने आखलेला. पुढून काढलेल्या उरोस्थीच्या चित्रात, छातीचा मोठा स्नायू कुठे सुरू होतो हे त्यामुळे मांस न दाखवताही कळतं.

याच चित्रात उरोस्थीचा वरचा तुकडा मधल्या तुकड्याला मिळतो त्या सांध्याशी दुसऱ्या बरगडीची कूर्चा येऊन भिडते. तिथे एक आडवा उंचवटा असतो, कातडीवरून बोटाला लागतो. पहिली बरगडी कॉलरबोनच्या आड दडलेली, त्यामुळे डॉक्टर बरगड्या मोजतात त्या इथूनच, दुसरीपासून.

माझं सगळ्यांत आवडतं पान मात्र वेगळ्या घडणीच्या बरगड्यांचं. पहिली, दुसरी, दहावी, अकरावी, बारावी, एकीखाली एक मांडलेल्या. पहिली आखूड, रुंद, सगळ्यांत जास्त वाकलेली. तिच्या पाठीवर हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांनी ठेवलेल्या दोन खोलगट वाटा. अकरावी आणि बारावी पुढून कशालाच न जोडलेल्या, मान नाही, उंचवटा नाही. हे फरक सांगायला ग्रेला परिच्छेदामागून परिच्छेद लागतात आणि ते कोरडे आहेत. कार्टर नुसत्या शेजारणी बदलतो आणि प्रत्येकीचा स्वभाव दिसू लागतो.

ही चित्रं त्याने कठीण बॉक्सवुडच्या ठोकळ्यांवर उलटी काढली, छापल्यावर सुलटी यावीत म्हणून. म्हणजे डावी बरगडी काढताना हाताखाली उजवी. समोरची प्रेतं बेवारशांची, वर्कहाउस आणि इस्पितळांतून कायद्याने आलेली. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसेलियसच्या 1543 मधल्या ग्रंथातले सांगाडे निसर्गचित्रात उभे राहून शोक करतात, चिंतन करतात. कार्टरकडे असलं नाटक नाही. काहींना ती अलिप्तता थंड वाटेल. मला ती सभ्यता वाटते.

उणीव सांगायची तर एकच, पण मोठी. ही छाती श्वास घेत नाही. जिवंत माणसात बरगड्या मागून पुढे उतरत्या असतात. श्वास घेताना वरच्या बरगड्यांची पुढची टोकं उरोस्थीला घेऊन वर आणि पुढे सरकतात, तर खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूंनी उचलल्या जातात आणि छाती रुंदावते. सुट्या बरगडीत हा उतारच हरवतो. मणक्याशी असलेले छोटे सांधे दिसतात, पण ते कशासाठी आहेत हे चित्रातून उमगत नाही. त्यासाठी आपलाच तळहात आपल्या कुशीवर ठेवावा लागतो.

पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर मुंबईत होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवत. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला, आणि 1874 मध्ये बुरशीने पाय सडवणाऱ्या, मदुरा फूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगावर त्याचा ग्रंथ आला. 363 चित्रांबद्दल त्याला एकदाच 150 पौंड मिळाले. ग्रेला दर हजार प्रतींमागे तेवढेच. शीर्षकपानाच्या कच्च्या छपाईवर कार्टरचं नाव बारीक टायपात घ्यायला लावलं ते ग्रेनेच, आणि त्याचं मुंबईतलं नवं पद खोडलं तेही त्यानेच. ग्रे 1861 मध्ये देवीने गेला, कार्टर 1897 पर्यंत जगला. तरी पुस्तक आजही ग्रेच्याच नावाने ओळखलं जातं. मजकूर आवृत्तीगणिक बदलत गेला. निदान छातीच्या हाडांची ही पानं तरी कार्टरची आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.