‘दाह’ आणि ‘होय’ : द्विध्रुवी विकारावरील मराठी लेखनाचे परीक्षण

गेल्या काही वर्षांत आरोग्यविषयक मराठी लेखनात एक विधान वारंवार आढळू लागले आहे. त्याचे शब्द लेखकागणिक बदलतात. आशय मात्र एकच : द्विध्रुवी विकार हा मेंदूचा दाह होय. भाषेच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकू नये, ही मर्यादा प्रस्तुत लेखकास मान्य आहे. परंतु हे विधान वैद्यकाचे नव्हे, ते मराठीचे आहे. मूळ संशोधनात जे म्हटले आहे त्याहून निराळे असे काहीतरी भाषांतराच्या वाटेने आपल्याकडे आले असून ते लोक खरे मानू लागले आहेत. म्हणून या लहानशा वाक्याची फोड करणे अवश्य वाटते.

प्रथम ‘दाह’ हा शब्द घेऊ. इन्फ्लमेशन या संज्ञेसाठी मराठीत दाह, शोथ आणि सूज असे तीन शब्द चालतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने या अवस्थेची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्या शब्दांनी ही चार लक्षणे जणू आपसांत वाटून घेतली आहेत. ‘शोथ’ हा ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूशी निगडित असल्याने त्याच्या वाट्यास फुगवटा आला. ‘दाह’ हा ‘दह्’ धातूपासून आल्याने त्याच्याकडे जळणे गेले. लॅटिन शब्दाच्या पोटातही ज्वाळाच आहे. तेव्हा रूपकाचा दोष एकट्या मराठीच्या माथी मारता येणार नाही. पण द्विध्रुवी विकाराच्या संदर्भात शास्त्रज्ञ ज्याविषयी बोलतात त्यात ना लाली, ना फुगवटा, ना आग. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, इंटरल्यूकिन-6 अशा द्रव्यांचे प्रमाण थोडेसे, परंतु सातत्याने वाढलेले असणे, एवढाच त्याचा अर्थ. रोगप्रतिकार यंत्रणा मंद गतीने जागी राहिलेली असते, असे फार तर म्हणता येईल. रुग्णाला ते जाणवत नाही. डोक्यावर हात ठेवून ते कळत नाही.

त्यातून ‘मेंदूचा दाह’ असा षष्ठीचा प्रयोग झाला म्हणजे घोटाळा पुरा होतो. मस्तिष्कशोथ हा एक स्वतंत्र आणि बहुधा जीवघेणा रोग आहे. पूर्व विदर्भातील लोकांना तो मेंदूज्वर या नावाने चांगला परिचित आहे व त्याच्या भीतीने येथे बालकांना लसही टोचली जाते. रक्तातील एका मापाविषयीचे निरीक्षण मेंदूच्या आजाराचे नाव धारण करून वाचकापुढे येते, तेव्हा त्याने काय समजावे?

भंडारा जिल्ह्यातील श्रोत्यापुढे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. हा हत्तीरोगाचा प्रदेश आहे. येथील खेड्यात ‘सूज’ म्हटली की फुगलेला पाय डोळ्यांपुढे उभा राहतो. मध्यप्रदेशाच्या सीमेलगतच्या तुमसर भागात हिंदीतला ‘सूजन’ शब्दही तेच चित्र उभे करतो. ‘शोथ’ पुस्तकाबाहेर कोणी उच्चारीत नाही, आणि उच्चारला तरी झाडीबोलीत ‘श’ नसल्याने त्याचा ‘सोथ’ होणार. उरले ते जळणे. झाडीबोलीत ‘ळ’ च्या जागी ‘र’ येतो. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा होतो, तसेच ‘जळणे’चे ‘जरणे’ होते. (संस्कृतातही ‘ज्वल्’ आणि ‘ज्वर्’ हे धातू एकमेकांचे सगेच आहेत, बोलीने जणू ते जुने नाते परत जुळविले.) तात्पर्य, बोलीच्या कानाला जळणे आणि ज्वर ही एकाच कुळातील वाटतात, आणि ज्याला ताप आहे त्याला थंड द्यावे, हा व्यवहार घरोघर ठरलेला आहे.

या समजुतीला परंपरेचाही टेकू आहे. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील एक पित्तज आहे. ‘डोके तापले’, ‘माथा भडकला’ हे आपले नित्याचे वाक्प्रचार. द्विध्रुवी विकाराच्या उन्मादावस्थेत निद्रानाश, अखंड बडबड, उधळपट्टी आणि चिडखोरपणा दिसतो. त्याला ‘दाह’ हा शब्द इतका चपखल बसतो की वाचक विचार करण्याचे थांबवितो. पण या विकाराचा दुसरा ध्रुव कोठे गेला? कित्येक महिने अंथरुणातून न उठणारा, दोन वाक्येही न बोलणारा रुग्ण कोणाला जळताना दिसतो? वस्तुतः 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन उन्मादात सर्वांत अधिक वाढलेले आढळले हे खरे. परंतु अवसादात आणि मन स्थिर असलेल्या काळातही ते सर्वसाधारण माणसांपेक्षा अधिकच होते. म्हणजे ज्या पुराव्यावर हे रूपक उभे केले, तोच पुरावा रूपकाच्या मर्यादेत मावत नाही. अर्ध्या आजाराला लागू पडणारी संज्ञा ही संज्ञा नव्हे.

आता ‘होय’. माझ्या मते या वाक्यातील सर्वांत सदोष शब्द हाच आहे. संशोधनाने दाखविला तो संबंध. मराठीने केले ते समीकरण. डेन्मार्कमधील सुमारे 35 लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गासाठी किंवा स्वप्रतिकार रोगांसाठी रुग्णालयात जावे लागलेल्यांना पुढे भावविकार होण्याचा संभव अधिक, असे त्यात दिसले. पण लठ्ठपणा, तंबाखू, झोपेचा अभाव आणि काही औषधे यांमुळेही रक्तातील हीच द्रव्ये वाढतात, आणि या विकाराच्या रुग्णांत यांपैकी बरेच काही आढळते. कारण कोणते व कार्य कोणते, याचा निवाडा झालेला नाही. दाह हेच कारण असते तर दाहशामक औषधांनी गुण यावयास हवा होता. 2019 साली इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची चाचणी द्विध्रुवी अवसादावर झाली. एकंदर रुग्णांत ते निर्गुण औषधापेक्षा सरस ठरले नाही, मात्र बालपणी शारीरिक छळ सोसलेल्या रुग्णांत काहीसा उपयोग दिसला. पाकिस्तानात मिनोसायक्लीन व सेलेकॉक्सिब यांची चाचणी झाली, तिचा निष्कर्ष 2020 साली आला आणि तोही नकारार्थीच होता. संशोधकांनी ‘सोबत आढळते’ असे म्हटले. आपल्या लेखकांनी ‘-मुळे’ हे शब्दयोगी अव्यय जोडले, आणि मथळा लिहिणाऱ्याने तेही गाळून ‘होय’ बसविले. तीन पायऱ्यांत अनुमानाचा सिद्धांत झाला.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल आहे. वाचकाला चार गोष्टी कळल्या हे काय थोडे? माझ्या आजोळच्या नात्यातील, साकोली तालुक्यातील एका गृहस्थांची हकीकत त्यांना सांगावीशी वाटते. हे गृहस्थ अनेक वर्षे लिथियमच्या गोळ्या घेत व त्यांवर शेतीभातीचे सर्व व्यवहार उत्तम रीतीने पार पाडीत. उन्मादावर लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली दाखवून दिला. हे औषध प्रभावी खरे, पण त्याची मात्रा काटेकोर असावी लागते. रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हॅलंट एवढे ते हवे, 1.5 च्या वर गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. या गृहस्थांनी मेंदूच्या दाहाविषयी कोठेसे वाचले, आणि दाह आहे तर सूज उतरविणारी गोळी घ्यावी असा सरळ तर्क केला. त्यांच्या तर्कशास्त्रात मला दोष दिसत नाही. दोष त्यांना पुरविलेल्या विधानात होता. रोवणीच्या दिवसांत कंबरदुखीवर अशी गोळी गावात सारेच घेतात. ती यांनी रोज दोन वेळा सुरू केली.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर टाकण्याची क्रिया मंदावतात. घामावाटे पाणी व मीठ गेले तर मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते. विदर्भातील उन्हाळ्यात हा धोका निराळा सांगावयास नको. पंधरवड्यात त्यांचे हात कापू लागले, चाल अडखळू लागली, उच्चार अस्पष्ट झाले. घरच्यांना वाटले, दारू घेतली असावी. नागपूरला नेल्यावर रक्ततपासणीत उलगडा झाला आणि ते बचावले. त्यांचे बोलणे मी त्या दिवसांत ऐकले आहे. ‘र’ आणि ‘ड’ वेगळे काढणे त्यांना कठीण जात होते. उच्चारविचार शिकविणाऱ्या माणसाला ते ऐकणे सुखाचे नव्हते.

तेव्हा पर्याय काय? भाषा संचालनालयाची स्थापना 1960 साली झाली; तेव्हापासून परिभाषा कोशांचे मोठे कार्य मराठीत झाले आहे व त्याविषयी मला आदर आहे. परंतु परिभाषा ही तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी केलेली सोय होय. विकृतिशास्त्राच्या पुस्तकात शोथ खुशाल राहो. सामान्य वाचकासाठी मात्र एकच शब्द शोधण्याचा हट्ट सोडावा आणि वाक्य लिहावे : या आजाराच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात, शरीर रोगाशी झुंजत असताना वाढणारी काही द्रव्ये थोडी वाढलेली आढळतात, ती आजारामुळे वाढतात की आजार त्यांच्यामुळे होतो, हे ठरलेले नाही, त्यासाठी स्वतःहून कोणतेही औषध घेऊ नये. हे लांबट आहे, मथळ्यात बसणार नाही. त्याच्या खाली आणखी एक ओळ मी घालीन : लिथियम चालू असल्यास अंगदुखीची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आमचे आप्त आता गावातील दुकानात गोळी मागण्याआधी खिशातील चिठ्ठी काढून पुढे ठेवतात. तिच्यावर औषधाचे नाव आणि शेवटच्या रक्ततपासणीचा आकडा, एवढेच लिहिलेले असते.