भार की मार? ई-इंकवर मराठी वाचताना फॉन्ट कसा निवडायचा

मागच्या वर्षी गाईडनी माझ्या प्रकरणाचा मसुदा परत दिला तेव्हा एका शब्दाभोवती लाल गोल होता. शेतसाऱ्याविषयीच्या एका जुन्या लेखातून मी ‘मार’ असा शब्द टिपून घेतला होता आणि त्यावर चांगला दीड परिच्छेद रचला होता. मूळ शब्द होता ‘भार’. रात्री झोपताना सहा इंची ई-रीडरवर, बारीक अक्षरात वाचलं होतं. ‘भ’ची वरची गाठ दिसलीच नाही. दीड परिच्छेद गेला.

चूक माझीच, मूळ प्रत पुन्हा उघडून बघायला हवी होती. पण त्यानंतर फॉन्ट हा ‘आवडीचा प्रश्न’ राहिला नाही. पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहिताना तुम्ही शेकडो पानं स्क्रीनवर वाचणार आहात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पडद्याबद्दल. ई-इंकमध्ये काळे-पांढरे सूक्ष्म कण विजेच्या भाराने वर-खाली सरकतात आणि बाहेरचा उजेड परतवतात. म्हणून नगर-श्रीरामपूर एसटीत खिडकीशी बसून भर उन्हातही नीट वाचता येतं. पण पार्श्वभूमी पांढरीशुभ्र नसते, वर्तमानपत्राच्या कागदासारखी करडी असते. करड्यावर बारीक रेघ फिकी पडते. आता बहुतेक यंत्रांवर इंचाला ३०० ठिपके असतात. २०२२ च्या आधीच्या साध्या किंडलवर १६७ होते. सेकंडहँड घेणार असाल तर हा आकडा आधी विचारा.

इंटरनेटवरचा सल्ला बहुतेक इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी असतो: सेरिफ घ्या की सॅन्स, बुकर्ली की लिटराटा. आपल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. देवनागरी तीन मजली आहे. शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार. मध्ये अक्षराचं अंग. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा दुसरा तुकडा. या तिन्ही मजल्यांना जागा द्यायची म्हणून काही फॉन्टमध्ये अक्षराचं अंगच लहान होतं. त्यामुळे एका फॉन्टचा ‘साइज ५’ दुसऱ्याच्या ‘साइज ५’शी जुळत नाही. फॉन्टची तुलना करताना आकडा बघू नका, अंगाची उंची सारखी करून घ्या. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा एक पायरी वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो.

आता चार फॉन्ट, चारही मोफत मिळणारे.

टिरो देवनागरी मराठी दिसायला सगळ्यात देखणा. मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी केलेल्या अक्षरांवरून तो बनला, आणि त्याचं वळण निर्णयसागरच्या खिळ्यांचं आहे. इथे नगरकरांचाही एक धागा आहे. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने आपल्या नगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. याच मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम देवनागरी खिळे घडवत होते, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी तिथेच हे काम शिकले. टिरोचा दुसरा गुण म्हणजे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यात आपोआप येतात. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ‘ल’ एकच आहे, रूप फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये मराठी रूप असतं, पण ई-पुस्तकात भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल तर ते बाहेर येत नाही. टिरोचा दोष: त्यात ठळक वजनच नाही. ३०० ठिपक्यांवर, मोठ्या आकारात उत्तम. लहान आकारात रेघा फिक्या. माझा ‘भार’ यातच हरवला.

शोभिका हा आयआयटी मुंबईचा फॉन्ट, राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावरून केलेला. जोडाक्षरांचा साठा प्रचंड. संस्कृत अवतरणं आणि रोमन लिप्यंतरातली खुणांची अक्षरं एकाच पानावर असतील तर हाच घ्या. ठळक वजन आहे, पण नेहमीचं आणि ठळक यांच्या मधलं काही नाही.

मुक्ता एक टाइप या मुंबईच्या गटाने केला. सगळ्या रेघा साधारण सारख्या जाडीच्या, आणि वजनं सात. कादंबरीला थोडा कोरडा वाटतो, हे मान्य. पण यातलं ‘मीडियम’ वजन करड्या पडद्यावर टिकतं, आणि जुन्या यंत्रावर तर याला तोड नाही. मी रोज हाच वापरतो.

नोटो सेरिफ देवनागरीतही वजनं भरपूर आहेत. तो कुठेही ठळक चुकत नाही, पण लांब वाचनात मला सपाट वाटतो. ही मात्र शुद्ध आवड.

किंडल किंवा कोबो केबलने जोडून ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये फाइल टाकली की काम झालं. पण निर्णय पहिल्या पानावर घेऊ नका. एका फाइलमध्ये हे शब्द लिहून ठेवा: भार-मार, घर-धर, खा-रवा, दुसऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, द्वंद्व, कर्तृत्व, सर्वांच्या. तुमच्या नेहमीच्या आकारात, रात्रीच्या उजेडात, हात लांब धरून वाचा. अडखळलात तर तो फॉन्ट कितीही सुंदर असो, संशोधनासाठी बाद.

एक कटू गोष्ट राहिली. आपल्या कामाचं अर्धं साहित्य स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतं. शोधगंगेवरचे प्रबंधही पीडीएफच. तिथे फॉन्ट बदलतच नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ असेल तर मजकूर कॉपी केल्यावर भलतीच अक्षरं येतात. अशा वेळी समास कापा, यंत्र आडवं धरा, अर्धं-अर्धं पान वाचा. तरीही डोळे ताणावे लागत असतील तर सरळ लॅपटॉपवर जा किंवा तेवढी पानं झेरॉक्स करा. यंत्र घेतलंय म्हणून सगळं त्यावरच वाचायचं, असा काही नियम नाही.

आणि फॉन्ट कुठलाही असो, प्रबंधात जाणारं प्रत्येक अवतरण मूळ पानाशी ताडून मगच उतरवा. आरामशीर फॉन्टमुळे थकवा कमी येतो, त्यामुळे चुकाही कमी होतात. पण ताडून बघायचं काम फॉन्ट करत नाही.