कोळीगीतांतील 'मी' आणि किहीमची बोली

मराठी भावगीतात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा, ही श्रमविभागणी इतकी रुळली आहे की गीतातील 'मी' नेमका कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १९७१ साली जोनी मिचेल यांची 'ब्लू' ही ध्वनिमुद्रिका निघाली; रचणारी आणि गाणारी व्यक्ती एकच असल्यामुळे तिच्यातील 'मी' श्रोत्यांनी थेट गायिकेच्या आयुष्याशी जोडला. शान्ता शेळके यांनी रचलेल्या, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेल्या आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गाइलेल्या कोळीगीतांत ही सोय नाही. इंदापूरला जन्मलेली कवयित्री, बंगाली गायक आणि मंगेशकर भावंडे यांपैकी कोणीही समुद्रावर जाळे टाकून पोट भरणारे नव्हे. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ मराठी श्रोत्याने हा 'मी' निःशंकपणे डोलकराचा मानला. ही किमया बोलीने केली आहे. म्हणून ती बोली कोणती, हे तपासणे अगत्याचे ठरते.

ज्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी नजरेच्या टप्प्यात येतात, त्या किहीम-थळ परिसरातील कोळी व आगरी बोलींची काही लक्षणे अभ्यासकांस परिचित आहेत. मूर्धन्य 'ळ' आणि 'ण' यांच्या जागी 'ल' आणि 'न' येतात. स्वरमध्यस्थ 'ड'चा 'र' होतो. प्रमाण मराठीतील सप्तमीच्या 'त'ऐवजी 'न' लागून 'घरान', 'गावान' अशी रूपे होतात. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात (१९०५) कोळी बोलीला स्वतंत्र स्थान आहे.

'मी डोलकर' या गीतात ही लक्षणे नेमकी आढळतात: साडीची 'सारी' होते, केसात न म्हणता 'केसान' म्हटले जाते आणि स्त्रीला हाक 'गो' अशी घातली जाते. परंतु याच कवयित्रीच्या 'वादळवारं सुटलं गो' या गीताच्या शीर्षकातच 'ळ' शाबूत आहे. एकाच किनाऱ्याची म्हणून ऐकली जाणारी ही दोन गीते वास्तविक दोन निराळ्या भाषिक मिश्रणांत रचलेली आहेत. शान्ताबाईंनी बोलीचे प्रतिलेखन केले नाही. त्यांनी निवड केली, आणि ती कानाने केली. 'ड'चा 'र' झाला की उच्चारातला आघात सैल होतो व स्वर लांबविता येतो. 'आन' या अंत्य अक्षरावर सूर रेंगाळू शकतो. द्रुत लयीच्या नाचाच्या गाण्यात याचे मोल गायकच जाणे. (ज्या बंगालीत 'ळ' नाही, तिच्यातून आलेल्या हेमंतकुमारांना 'ळ' नसलेली मराठी बोली मिळावी, हाही एक सुखद योगायोगच.)

शब्दसंग्रहाच्या बाबतीत मात्र कवयित्री तिच्या श्रोत्यांहून पुष्कळच सावध आहे. नागर श्रोता 'डोलकर' या शब्दात डोलण्याचा अर्थ ऐकतो, आणि चालही त्याला तसेच ऐकू देते. परंतु डोल हे भरती-ओहोटीच्या ओघात तोंड धरून बांधलेले पिशवीसारखे जाळे आहे. बोंबील आणि जवळा त्यात सापडतो. आणि त्यावर उपजीविका करणारा तो डोलकर. त्याचा दिवस पाण्याच्या ओघाने ठरतो: जाळ्याकडे जायचे, बंदराला परतायचे, पुन्हा जायचे. गीतातील नायकाचे बंदराशी असलेले येण्याजाण्याचे नाते या धंद्याला धरून आहे. ते केवळ रम्य कल्पनेतून आलेले नाही. 'सारंग' हा शब्दही असाच. फारसी 'सरहंग' म्हणजे नायक. त्यावरून आलेले हे नौकेवरच्या प्रमुखाचे नाव गीतात प्रियकराचे संबोधन बनते आणि तरी आपला दर्जा सोडीत नाही.

या गीतांचा प्रभाव सर्वविदित आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांतील कोळीनृत्य, त्यातील टोपल्या आणि वल्ह्यांचे हातवारे, नंतरच्या ध्वनिफितींतील कोळीगीतांचा ठेका या सर्वांमागे ती उभी आहेत. त्यांहून खोल असा एक परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. मराठी कानाच्या दृष्टीने 'कोळी बोली' म्हणजे या गीतांतील निवडक चार-पाच लकबी, असे समीकरण झाले आहे. त्या लकबींत न बसणारी बोली मग खुद्द बोलणाऱ्यालाच अशुद्ध वाटू लागण्याचा धोका आहे. विद्यापीठीय प्रबंधांत या गीतांतील रूपे बोलीचा पुरावा म्हणून देणे तर सर्वथा गैर होय. ती कलाकृतीचा पुरावा आहेत. बोलीचा पुरावा त्या बोलीत बोलणाऱ्यांकडेच शोधावा लागेल. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६६ साली याच जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यातील, महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती शिस्त किनाऱ्यालाही लावता येण्याजोगी आहे.

त्या दृष्टीने आगरी-कोळी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणी अधिक महत्त्वाच्या. महदंबेच्या धवळ्यांशी नाव सांगणारा हा गीतप्रकार स्त्रियांच्या तोंडी टिकला. त्यात कवी, संगीतकार व गायक हे भेद नाहीत. धवलारीण आठवते, जोडते आणि गाते, आणि तिच्या गाण्यात 'ळ' कोठे गळतो व कोठे टिकतो, हे ठरविणारा संगीतकार तिच्यापाशी बसलेला नसतो. आज किहीमच्या किनाऱ्याला मुंबईकरांचे बंगले लागले आहेत, मांडव्याच्या धक्क्यावरून गेटवेशी रोजची ये-जा आहे, आणि हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकावर लताबाईंचा स्वर धवलारणीच्या स्वरापेक्षा सहज दूरवर पोचतो. दोन्ही स्वर एकाच मांडवात, एकाच रात्री ध्वनिमुद्रित करून त्यांतील रूपे शेजारी शेजारी मांडणे हे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. ते धवलारणींच्या हयातीतच व्हावयास हवे.