क्रियापदाचे लिंग आणि मुलाखतीतला ‘मी’

स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाविषयी मराठी समीक्षेने विपुल लिहिले. त्याचे स्वतःचे बोलणे मात्र तीत क्वचितच ऐकू येते. बालगंधर्वांचेच (१८८८–१९६७) पाहा. १९०५ साली शकुंतलेच्या भूमिकेतून पुढे आलेल्या या नटाची भामिनी वा सिंधू आपल्यापर्यंत पोचते ती मुख्यतः प्रेक्षकांच्या आठवणींतून. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी कन्या वारली असतानाही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत कर्तव्यनिष्ठेची कथा म्हणूनच सांगितली जाते. भामिनीच्या वेषातील बापाला त्या रात्री काय वाटले, हा प्रश्न त्या कथेच्या रचनेत बसत नाही.

ही उणीव मुलाखत भरून काढते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. मराठीत ‘मी’ला लिंग नसले तरी क्रियापदाला ते पुष्कळदा टाळता येत नाही: ‘गेलो’ किंवा ‘गेले’. ‘रंगपटात बसलो’ म्हणणारा नट पुढच्याच वाक्यात ‘मंचावर गेले नि लाजले’ म्हणाला, तर संपादक ती बोलण्यातली चूक समजून दुरुस्त करतो. वस्तुतः भूमिका नेमकी कोठे सुरू होते, हे त्या बदलानेच सांगितलेले असते. छपाईत शब्द उरतात, बोलणारा मात्र बदलतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. झाडीपट्टीच्या दंडारीत स्त्रीपार्ट पुरुषच करीत आले. विदर्भाच्या बोलीत बाईसुद्धा ‘मी गेली’ म्हणते. म्हणजे अशा नटाचे ‘गेली’ प्रमाण मराठीत उतरविताना बोली आणि वेष दोन्ही एकदमच पुसले जातात. घुग्घुससारख्या कोळसा-सिमेंटच्या गावात तर कानावर तेलुगू आणि हिंदीही असते. हिंदी क्रियापद लिंग विचारते, तेलुगूतील प्रथमपुरुषी क्रियापद ते विचारीत नाही. (मराठी मुलाखतकार हे क्वचितच ध्यानात घेतो.) तेव्हा कोणत्या भाषेत बोलते केले, यावरही काय बोलले जाईल हे अवलंबून राहते.

प्रश्नांचे दडपण निराळेच. ‘घरच्यांना काय वाटते?’ या प्रश्नाने आरंभ झाला की पुढचे प्रत्येक उत्तर बचावाचे होते; लुगड्याचा घोळ, आवाजाची पट्टी, रात्रभर चालणाऱ्या प्रयोगातील दमछाक, म्हणजे ज्यात त्याचे कौशल्य आहे ते सारे, विचारायचे राहून जाते. स्वतःचे प्रश्न गाळून सलग निवेदन छापण्याची आपल्याकडील पद्धत म्हणूनच घातक वाटते. नट स्वतःहून कैफियत मांडीत आहे, असा भास तीतून होतो. ती मांडायला त्याला कोणी भाग पाडले, हे वाचकाला दिसत नाही.