चित्र खरे, समज चुकीचा

मेंदूतील चेतापेशी लाल, निळ्या, पिवळ्या, जांभळ्या रंगांत उजळलेल्या दाखवणारे एक चित्र अनेक शिक्षकांच्या परिचयाचे असेल. ‘ब्रेनबो’ या नावाने ते ओळखले जाते. हार्वर्ड विद्यापीठातील जाँ लिवे, जोशुआ सेन्स, जेफ लिक्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध केले. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. आमचा आक्षेप आहे तो ते दाखवताना सहज सांगितल्या जाणाऱ्या अर्थाला: ‘प्रत्येक प्रकारच्या पेशीचा रंग वेगळा.’ हा अर्थ चुकीचा आहे.

भंडाऱ्यातील वाचकांना धानाचे उदाहरण जवळचे वाटेल. आवत्याच्या बांधीत जंगली धान मिसळले, तर कोवळेपणी ते ओळखता येत नाही. शेजारच्या छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात. तेथे यावर एक उपाय आहे: जांभळ्या पानांचे वाण पेरायचे आणि हिरवे दिसेल ते उपटायचे. खूण बियाण्यातच असल्यामुळे रंगावरून जात कळते.

उंदराच्या मेंदूत पेशींचे प्रकार ओळखण्याची रीत अशीच आहे. एखाद्या प्रकारच्या पेशीतच जे जनुक चालू असते, त्याच्या नियंत्रणाखाली ‘क्री’ नावाचे विकर तयार होईल अशी योजना करतात. हे विकर मूळचे जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचे. रंगीत प्रथिनाच्या जनुकापुढे एक अडसर ठेवलेला असतो. विकर तो कापून काढते आणि तेवढ्याच पेशी चमकतात. हिरवे चमकणारे प्रथिन प्रथम जेलीफिशमध्ये सापडले. त्यावरील कामासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

ब्रेनबोमध्ये मात्र याच विकराकडून सोडत काढून घेतली जाते. तीन-चार प्रथिनांच्या जनुकांपैकी कोणते चालू राहील हे प्रत्येक पेशीत योगायोगाने ठरते, आणि मिश्रणातून सुमारे ९० छटा मिळतात. एकाच प्रकारच्या दोन शेजारी पेशी म्हणूनच वेगळ्या रंगांच्या दिसतात. गुंत्यातून एकेका पेशीचा धागा सुटा पाहता यावा, हाच तेथील हेतू. रंगावरून प्रकार सांगता येत नाही.

प्रकारासाठी केलेली खूणही डोळे मिटून मानू नये. २००० साली सेन्स, लिक्टमन आणि ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने एकच नियंत्रक भाग वापरून उंदरांचे २५ वंश तयार केले. प्रत्येक वंशात रंगलेल्या पेशींचा समूह निराळा निघाला! शिवाय क्रीने केलेली खूण कायमची असते. वाढीच्या काळात जनुक थोडा वेळ चालू होऊन बंद झाले, तरी पेशी पुढे रंगीतच राहते. अशा वेळी रंग पेशीचा इतिहास सांगतो, आजची स्थिती नव्हे.

हे काम दूरदेशीचेच आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की मेंदूचे बाह्यक घडण्यासाठी गर्भावस्थेत ‘एलएचएक्स२’ हे जनुक आवश्यक असते. येथेही जनुकात केलेला बदल नेमका कोणत्या पेशींत झाला आहे, हे ओळखता आल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही.

एका चित्राच्या अर्थावरून एवढा खल कशासाठी, असे कोणी विचारील. सूक्ष्मदर्शकातून दिसले म्हणजे निसर्गात तसेच असते, ही समजूत एकदा रुजली की विद्यार्थी पुराव्याची चौकशी करणे सोडतो. म्हणून हे चित्र वर्गात जरूर दाखवावे. मात्र सोबत तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. हा रंग कोणी व कशासाठी दिला? कोणत्या पेशी रंगायच्या राहिल्या असतील? आणि खूण बरोबर बसली, हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने तपासता येईल? उत्तरे अपुरी आली तरी चालतील. प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर चित्राचे काम झाले.